निलगिरीच्या तेलाची बाटली आणि दहा महिन्यांचं बाळ

पत्र :

ताई, माझं बाळ दहा महिन्यांचं आहे आणि मुलगी पाच वर्षांची. चार दिवसांपासून दोघांनाही सर्दी झाली आहे. बाळाचं नाक इतकं चोंदलंय की दूध पिता पिता मध्येच सोडून रडायला लागतो. सासूबाईंनी निलगिरीच्या तेलाची बाटली काढून ठेवली आहे. उशीला दोन थेंब लाव, छातीला थोडं चोळ, वाफेच्या पाण्यात चार थेंब टाक, असं त्या सांगतात. एका व्हिडिओत तर मधातून एक थेंब चाटवायला सांगितलंय. नवरा म्हणतो, झाडपाल्याचंच तर आहे, त्याने काय होणार? पण त्या बाटलीचं झाकण उघडलं तरी माझ्या डोळ्यांत पाणी येतं. मला एवढं झोंबतं तर त्याला काय होत असेल? मी उगाच घाबरते आहे का? घरात मांजर आहे, तिला चालतं का? आणि एकदा उघडलेली बाटली किती दिवस चालते?
– एक आई

उत्तर :

तुम्ही उगाच घाबरत नाही. झाकण उघडताच तुमच्या डोळ्यांनी जे सांगितलं ते अगदी बरोबर आहे. बाकीचं सगळं सविस्तर लिहितेच, पण आधी एक काम करा. हे पत्र बाजूला ठेवा, उठा आणि ती बाटली बाळाच्या खोलीतून काढून उंच कपाटात ठेवा, शक्य असेल तर कुलपात. बाळाच्या उशीला, कपड्यांना, छातीला, तळव्यांना हे तेल लावायचं नाही. वाफेतूनही द्यायचं नाही आणि पोटात तर एक थेंबही जाऊ द्यायचा नाही. तुम्ही बाळाला अंगावर पाजत असाल तर तुमच्या स्वतःच्या छातीलाही ते लावू नका, कारण दूध पिताना त्याचं नाक नेमकं तिथेच टेकतं.

मधाबद्दलही आत्ताच सांगते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, तेलासोबत नाही आणि नुसताही नाही. मधात काही वेळा एका जीवाणूचे बीजाणू असतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजू शकतात आणि तिथे विष तयार करतात. त्याने बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. त्या व्हिडिओतल्या एकाच सल्ल्यात दोन धोके आहेत.

मग बाळाच्या नाकाचं काय करायचं? औषधाच्या दुकानात सलाइनचे नाकात टाकायचे थेंब मिळतात. ते म्हणजे 0.9 टक्क्यांचं मिठाचं निर्जंतुक पाणी. दूध पाजण्याच्या पाच-दहा मिनिटं आधी दोन्ही नाकपुड्यांत एक-दोन थेंब टाका. चिकट शेंबूड सैल होतो, तो मऊ कापडाने पुसून घ्या. एका वेळी थोडं थोडं आणि जास्त वेळा पाजा. घरात धूर, उदबत्ती, अत्तर असं काही नको. चोंदलेल्या नाकाच्या बाळाला याहून कामाचं दुसरं काही मला माहीत नाही.

एक गोष्ट मात्र मोजून बघा. बाळ शांत झोपलेलं असताना पोटाचा वर-खाली होणारा भाग बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास मिनिटाला 50 किंवा जास्त भरले, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, ओठ निळसर दिसत असतील, बाळ दूध घेतच नसेल किंवा लघवी खूप कमी झाली असेल, तर लगेच डॉक्टरांकडे न्या. अशा वेळी घरातलं कुठलंही तेल, मलम, काढा करत बसण्यात वेळ घालवायचा नसतो.

आता तुमच्या नवऱ्याच्या प्रश्नाकडे येते, कारण हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. झाडाचंच आहे ना, मग काय होणार?

मी औषधनिर्माणशास्त्र शिकत असताना काही दिवस निलगिरीचं तेल काढणाऱ्या भट्टीवर होते. निलगिरीचं एखादं ताजं पान उजेडासमोर धरा. त्यात टाचणीच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. अशा पानांचे भारेच्या भारे एका उंच पिंपात भरतात आणि पायांनी तुडवून घट्ट बसवतात, नाहीतर वाफ मोकळ्या जागेतून निसटते आणि पानांना नीट लागत नाही. मग खालून वाफ सोडतात. या तेलातला मुख्य घटक सिनिओल. तो एकटा असेल तर साधारण 176 अंश सेल्सिअसला उकळतो, पण पाण्याच्या वाफेसोबत 100 अंशांच्या आतच उडून वर येतो. ऊर्ध्वपातनाची सगळी करामत एवढ्यातच आहे. पान जळत नाही आणि वास वाफेबरोबर निघतो. ती वाफ थंड पाण्यात बुडवलेल्या नळीतून जाते, पुन्हा पाणी होते आणि खाली काचेच्या भांड्यात ठिबकत राहते. तेल पाण्यापेक्षा हलकं, घनता 0.91च्या आसपास, म्हणून आपोआप वर तरंगतं. मी तासभर त्या भांड्यापाशी बसून बघत होते. खाली दुधट पाणी आणि वर बोटाच्या पेराएवढा फिकट पिवळा थर. शेजारी पिंपातून उपसलेल्या वाफाळत्या पानांचा ढीग माझ्या डोक्याच्या वर गेलेला. एवढ्या ढिगातून एवढंसं तेल. 100 किलो पानांतून साधारण किलो-दीड किलो तेल मिळतं, जात आणि हंगाम चांगला असेल तर थोडं अधिक.

म्हणजे हे तेल आणि पान यांची तुलनाच होत नाही. पानात जे अगदी विरळ होतं ते इथे जवळजवळ शंभर पटींनी दाट होऊन बाटलीत बसलेलं असतं. पानंसुद्धा काही निरुपद्रवी नसतात. ही पानं खाऊन जगणाऱ्या कोआलाच्या यकृतात ही रसायनं मोडून टाकायची खास व्यवस्था आहे. आपल्या यकृतात तशी नाही, आणि दहा महिन्यांच्या बाळाचं यकृत तर अजून कामाला सरावतंय.

भट्टीवरच्या पहिल्या कच्च्या तेलाला एक घशात खवखवणारा, खोकला आणणारा उग्र दर्प असतो. तो आणणारे घटक काढण्यासाठी औषधी वापराचं तेल पुन्हा एकदा शुद्ध करून घेतात. औषधी प्रतीच्या तेलात सिनिओल किमान 70 टक्के असावं लागतं. निलगिरीच्या शेकडो जाती आहेत आणि त्यांची तेलं एकसारखी नसतात. नाक-घशासाठी वापरतात ते बहुतेक युकॅलिप्टस ग्लोब्युलस आणि तिच्यासारख्या सिनिओलवाल्या जातींचं. लिंबासारखा वास येणारी जात वेगळी, तिच्यात सिट्रोनेलाल जास्त. म्हणून बाटलीवर झाडाचं शास्त्रीय नाव, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत छापलेली आहे का, ते बघा. नुसतं 'निलगिरी सुगंध' असं लिहिलेलं असेल तर ते अंगाला लावू नका. घरच्या घरी करता येण्यासारखी एक छोटी परीक्षा आहे. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि काही तास हवेशीर जागी ठेवा. शुद्ध बाष्पनशील तेल उडून जातं आणि कागद जवळजवळ पूर्वीसारखा दिसतो. तेलकट, पारदर्शक डाग तसाच राहिला तर त्यात दुसरं जड तेल मिसळलेलं आहे. अर्थात या परीक्षेत पास झालं म्हणजे ते बाळाला चालतं, असा अर्थ कृपा करून काढू नका.

हे तेल मोठ्या प्रमाणावर काढून विकायला सुरुवात झाली ती ऑस्ट्रेलियात, 1850च्या दशकात. जोसेफ बॉसिस्टो या औषधनिर्मात्याने व्हिक्टोरिया प्रांतात भट्टी घातली. वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड फॉन म्युलर यांनी त्याला त्यासाठी प्रोत्साहन दिलं होतं. तेव्हापासून सर्दी, सांधेदुखी, जखमा अशा सगळ्यांवर ते वापरलं गेलं. त्यातलं काही टिकलं, काही मागे पडलं. सासूबाई जे सांगतात ते त्यांनी मनाने काढलेलं नाही, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. त्यांच्यावर रागावू नका.

पण या तेलाने नक्की होतं काय, ते माहीत असायला हवं. वास घेतला की नाक एकदम मोकळं झाल्यासारखं वाटतं. सिनिओल आणि मेंथॉल नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतात आणि आत येणारी हवा गार, भरपूर वाटते. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कापूर, निलगिरी आणि मेंथॉल यांची वाफ लोकांना हुंगायला दिली आणि नाकातून हवा जायला होणारा अडथळा यंत्राने मोजला. बहुतेकांना नाक मोकळं वाटलं, पण अडथळा तेवढाच होता. मोठ्या माणसाला नुसतं तसं वाटलं तरी बरं असतं, रात्री झोप लागते. बाळाच्या बाबतीत मात्र नाक आतून तसंच चोंदलेलं राहतं आणि वर झोंबणारी वाफ श्वासात जाते. त्याच्या श्वासनलिका अरुंद असतात. त्या जराशा आवळल्या किंवा आत थोडासा जास्त शेंबूड सुटला, तरी त्याला श्वास घेणं जड जातं. इतक्या लहान मुलांच्या चेहऱ्याजवळ अशी उग्र वाफ गेल्यावर श्वास क्षणभर अडकण्याचा धोकाही असतो. म्हणूनच छातीला चोळायच्या बऱ्याच मलमांवर दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नये असं छापलेलं असतं. ती बारीक अक्षरं फार थोडे लोक वाचतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पोटात गेलं तर काय होतं, हे जरा थांबून सांगते, कारण घरातले सगळ्यात वाईट अपघात असेच होतात. लहान मुलाच्या पोटात दोन-तीन मिली तेल गेलं तरी गुंगी येऊ शकते. 5 मिलीने, म्हणजे एका छोट्या चमच्याने, मूल बेशुद्ध होऊ शकतं, झटके येऊ शकतात. सुरुवातीला तोंडाची आग, उलटी, पोटदुखी. मग झोपाळूपणा, तोल जाणं. हे सगळं कधी कधी अर्ध्या तासाच्या आत सुरू होतं.

माझ्या ओळखीच्या एका घरात तीन वर्षांच्या मुलाने खाटेशेजारच्या स्टुलावरची बाटली तोंडाला लावली. आजी घाबरली आणि उलटी व्हावी म्हणून त्याला मिठाचं पाणी पाजलं. प्रेमापोटीच केलं तिने, पण नेमकं तेच करायचं नव्हतं. हे तेल पातळ आणि झटकन पसरणारं असतं. उलटी होताना ते श्वासनलिकेत शिरलं तर फुप्फुसांना सूज येते, आणि पोटातल्या तेलापेक्षा तो धोका मोठा ठरू शकतो. त्या मुलाला आठवडाभर रुग्णालयात ठेवावं लागलं. आज तो ठणठणीत आहे, पण त्याची आजी ते दिवस अजून विसरलेली नाही.

म्हणून हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, सासूबाईंनाही. तेल पोटात गेलं तर उलटी करवायची नाही. तोंड ओल्या कापडाने पुसायचं, बाटली सोबत घ्यायची आणि मूल हसत-खेळत असलं तरी थेट रुग्णालय गाठायचं. डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटं डोळा धुवायचा आणि मग डॉक्टरांना दाखवायचं.

पाच वर्षांच्या मुलीला बाटलीतलं शुद्ध तेल नकोच. तिच्या वयाला चालणारं तयार मलम लेबलवर लिहिल्याप्रमाणे छातीला किंवा पाठीला पातळसं लावता येतं. नाकाखाली, चेहऱ्यावर, फुटलेल्या त्वचेवर कधीही नाही. तिला दमा असेल किंवा कधी झटके आलेले असतील तर मलमही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. निलगिरीचं तेल आणि कापूर या दोन्हींनी झटके येऊ शकतात, काही वेळा नुसतं अंगाला लावूनसुद्धा. फिट येणाऱ्या मोठ्या माणसांनाही हीच गोष्ट लागू होते.

आणि वाफ. मुलांना वाफ देताना सगळ्यात मोठी भीती तेलाची नसते, उकळत्या पाण्याची असते. डोक्यावर टॉवेल, समोर पातेलं, मूल वळवळतं आणि पाणी मांडीवर सांडतं. असे भाजलेले पाय मी पाहिले आहेत. मुलांना पातेल्याची वाफ देऊच नका.

तुम्ही स्वतः, सासूबाई किंवा तुमचा नवरा हे तेल नक्की वापरू शकता. ते टाकून द्या असं मी म्हणत नाही, मला स्वतःला त्याचा वास फार आवडतो. रुमालावर एक थेंब टाकून थोड्या अंतरावरून हुंगलं की पुरतं, बाळ जवळ नसताना. वाफ घ्यायची असेल तर भांडं टेबलावर पक्कं ठेवून, पाणी उकळी मोडल्यावर, दोन थेंब, आणि डोळे मिटून. दुखऱ्या गुडघ्याला लावायचं असेल तर दोन छोटे चमचे खोबरेल किंवा तिळाच्या तेलात चार थेंब. त्याने ते साधारण दोन टक्क्यांच्या आसपास विरळ होतं. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस वाट बघा. लाल झालं, खाज सुटली तर ते तुमच्यासाठी नाही. थेट बाटलीतून त्वचेवर ओतू नका. आंघोळीच्या पाण्यात टाकण्याची पद्धतही चुकीची आहे. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं आणि जसंच्या तसं दाट स्वरूपात अंगाला चिकटतं.

काही देशांत डॉक्टर शुद्ध सिनिओलच्या कॅप्सूल सायनसच्या सुजेसाठी मोठ्या माणसांना देतात. त्यात मात्रा मोजलेली असते आणि कॅप्सूल आतड्यात जाऊन विरघळेल अशी बनवलेली असते. त्यावरून बाटलीतले थेंब मोजून प्यायचे असं ठरवू नका. गरोदरपणी आणि कुठलंही रोजचं औषध चालू असताना तर ते पोटात घ्यायचा विचारही नको.

डासांचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण निलगिरीचा विषय निघाला की तो पाठोपाठ येतोच. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून पीएमडी नावाचा घटक तयार करतात, तो डासांना चांगला दूर ठेवतो. पण ती वेगळी, प्रक्रिया केलेली गोष्ट आहे आणि तीही तीन वर्षांखालच्या मुलांना लावत नाहीत. तुमच्या बाटलीतल्या तेलाने डास फार वेळ लांब राहणार नाहीत. बाळासाठी मच्छरदाणीच चांगली.

डब्यावरच्या लेबलचा चिकटा काढायला मात्र या तेलासारखं दुसरं काही नाही. कापसावर दोन थेंब घ्या, चोळा, मग साबणाने धुवा. हे करताना शेगडी बंद ठेवा. सुमारे 50 अंशांना त्याची वाफ पेट घेऊ शकते, त्यामुळे दिवा, मेणबत्ती, शेगडी यांच्याजवळ ही बाटली नको.

मांजरीला हे तेल चालत नाही. ही रसायनं शरीराबाहेर टाकण्यासाठी लागणारी यकृतातली एक महत्त्वाची यंत्रणा मांजरांत फार दुबळी असते. शिवाय मांजर स्वतःला चाटत असते, त्यामुळे केसांवर पडलेलं तेल सरळ पोटात जातं. खोलीत सुगंध पसरवणारं यंत्र लावत असाल तर तिला बाहेर जायला वाट मोकळी ठेवा, अर्ध्या तासात बंद करा आणि खिडकी उघडा. बाळ ज्या खोलीत झोपतं तिथे ते यंत्र नकोच. मांजरीच्या तोंडातून लाळ गळायला लागली, ती लडखडली किंवा उलटी केली तर पशुवैद्याकडे न्या.

सासूबाईंशी कसं बोलायचं, हे तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण पत्रात ते ओळीओळीत दिसतं. त्यांना 'हे चुकीचं आहे' असं म्हणू नका. बाळाचे श्वास मोजायचं काम त्यांच्याकडे द्या. घड्याळ हातात द्या, पोट कुठे बघायचं ते दाखवा. सलाइनचे थेंब टाकताना बाळाचं डोकं धरायला त्यांनाच सांगा. त्यांना बाळासाठी काहीतरी करायचं आहे, आणि ज्या हातांनी त्या तेल चोळणार होत्या ते हात इथे खरोखर उपयोगी पडतील. त्यांच्या गुडघ्यांना विरळ केलेलं तेल तुम्ही स्वतः लावून द्या.

राहिला बाटलीचा प्रश्न. गडद रंगाच्या काचेची बाटली, घट्ट झाकण, गार आणि अंधारी जागा. रबराचा ड्रॉपर कायमचा बाटलीत ठेवू नका, या तेलाने रबर मऊ होऊन चिकट होतं आणि विरघळून तेलात उतरतं. मुलांना सहज न उघडणारं, दाबून फिरवायचं झाकण असेल तर उत्तम. हवा आणि उजेड लागत राहिला की तेलातले काही घटक बदलतात आणि जुन्या तेलाने त्वचेला ॲलर्जी व्हायची शक्यता वाढते. छापलेली मुदत तर पाळाच, पण उघडल्यावर वर्षभराने ते अंगाला लावणं मी बंद करते आणि उरलेलं लेबलांच्या चिकट्यासाठी ठेवते. तुमची बाटली कधी उघडली ते सासूबाईंना विचारा आणि ती तारीख कागदाच्या पट्टीवर लिहून बाटलीला चिकटवा.